उंदराच्या अंगांतील माणसाचें रक्त



मी मुळशी तालुक्यांतला एक निवृत्त शाळामास्तर. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालेलें. कर्करोग आणि रोगप्रतिकारशक्ति असल्या गहन विषयांवर बोलण्याचा अधिकार या गृहस्थांना कोणीं दिला, असा प्रश्न आपल्या मनांत आल्यास तो अगदीं रास्त आहे. अधिकार कोणीं दिला नाहीं. एका प्रश्नामुळें हा विषय माझ्या गळ्यांत पडला, इतकेंच.

तीन वर्षांपूर्वीं भाताची कापणी आटोपल्यावर माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळीं घरीं आला. त्याच्या धाकट्या भावाला लिंफोमा नांवाचा, पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग झालेला होता. औषधयोजना दोनदां होऊन गेली होती आणि दोन्ही वेळां रोग उलटला होता. आतां एका मोठ्या रुग्णालयांत नव्या उपचाराची चाचणी चालू असून तींत भावाचें नांव घालावें किंवा कसें, हें ठरवावयाचें होतें. त्याच्या हातांत संमतिपत्र होतें, वीस-बावीस पानांचें. भाषा मराठीच, पण अशी कीं, ती वाचून मला माझ्या विद्यार्थ्यांच्या जुन्या निबंधांचा एकाएकीं अभिमान वाटूं लागला. त्यांत एके ठिकाणीं म्हटलें होतें कीं, प्राण्यांवरील चाचण्यांत हा उपचार गुणकारी व निर्धोक आढळला आहे. त्या ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, हे प्राणी म्हणजे उंदीरच ना? मग उंदराला गुण आला म्हणून माझ्या भावाला येईल, हें कशावरून?"

मीं त्याच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली. पुण्यास एका महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकविणारी माझी दुसरी एक विद्यार्थिनी आहे. तिच्याकडे जाऊन बसलों, तिनें दिलेलें वाचलें, न समजलें तें पुन्हां विचारलें. त्या आठ दिवसांत जें कळलें आणि त्यानंतर वाचनानें जें वाढलें, तें आज आपल्यापुढें ठेवतों.

उंदीर आणि कर्करोग यांचा संबंध आपल्या प्रांताला नवा नाहीं. मुळशीच्या माणसाला टाटा हें नांव दोन कारणांनीं ठाऊक असतें. एक धरणामुळें, १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं येथल्या मावळ्यांनीं जो सत्याग्रह केला, त्याच्या गोष्टी अजून ओट्याओट्यांवर निघतात. दुसरें कारण परळचें रुग्णालय; घरांत कोणाला कर्करोग झाला कीं पहिलें नांव त्याचेंच निघतें. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या, आणि दोराबजींच्या नांवाच्या न्यासानें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं तें रुग्णालय उघडलें. तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. खानोलकर यांच्याकडे होती. त्यांच्या मार्गदर्शनाखालीं कमल रणदिवे या बाईंनीं उंदरांच्या निरनिराळ्या वंशांवर संशोधन करून १९४९ सालीं मुंबई विद्यापीठाची डॉक्टरची पदवी मिळविली. बाई पुण्याच्या, जन्म १९१७ चा, शिक्षण फर्ग्युसन महाविद्यालयांत झालेलें. उंदरांच्या कांहीं वंशांतील माद्यांना स्तनाचा कर्करोग हटकून होतो, तर कांहींना तो सहसा होत नाहीं. हें कां, असा त्यांचा प्रश्न होता. आनुवंश, शरीरांतील अंतःस्राव आणि आईच्या दुधावाटे पिलाला मिळणारा एक विषाणु, असे तीन धागे त्यांत एकमेकांत गुंतलेले आहेत, ही गोष्ट अमेरिकेंत बिटनर यांच्या १९३६ सालच्या शोधापासून हळूहळू उलगडत होती. बाईंनीं त्या कामांत मोलाची भर घातली. १९८२ सालीं त्यांना पद्मभूषण मिळालें. आमच्या क्रमिक पुस्तकांत हें नांव मला कधीं आढळलें नाहीं. आढळावयास हवें होतें.

परंतु बाईंच्या उंदरांना होणारा कर्करोग हा उंदराचा स्वतःचा होता. माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न तेथेंच होता. माणसाचा कर्करोग उंदरांत वाढवितां येईल काय? साध्या उंदरांत येत नाहीं. परक्या प्राण्याची पेशी अंगांत शिरली कीं उंदराची प्रतिकारशक्ति तिला ओळखते आणि कांहीं दिवसांत तिचा निकाल लावते.

या अडचणींतून वाट निघाली ती योगायोगानें. १९६२ सालीं ग्लासगो येथील रुचिल रुग्णालयाच्या प्राणिगृहांत अंगावर केंस नसलेलीं कांहीं पिलें जन्मास आलीं. दुसरा कोणी असता तर विद्रूप म्हणून फेकून देता. तेथें तीं जपून ठेवलीं गेलीं. १९६८ सालीं पँटेलुरिस नांवाच्या शास्त्रज्ञास दिसून आलें कीं, या उंदरांना थायमस ही ग्रंथिच नाहीं. छातीच्या हाडामागें असणारी ही लहानशी ग्रंथि म्हणजे शरीराच्या शिपायांची तालीम होय. अस्थिमज्जेंत जन्मलेल्या कांहीं पांढऱ्या पेशी तेथें जाऊन आपला कोण व परका कोण हें शिकतात. थायमसच्या आद्याक्षरावरूनच त्यांना टी-पेशी म्हणतात. तालीमच नाहीं तर शिपाई कोठून असणार? पुढच्याच वर्षीं डेन्मार्कमध्यें रिगार्ड व पोव्हल्सन यांनीं माणसाच्या मोठ्या आंतड्यांतील कर्करोगाचा तुकडा असल्या उंदराच्या कातडीखालीं बसविला आणि तो तेथें वाढला. १९८३ सालीं फिलाडेल्फिया येथें बोस्मा यांना याहूनहि दुबळा उंदीर सांपडला. त्याच्या अंगीं टी-पेशी नाहींत आणि रोगाविरुद्ध प्रतिद्रव्यें तयार करणाऱ्या बी-पेशीहि नाहींत.

यामुळें माणसाच्या कर्करोगावर विषारी औषधें तपासण्याची सोय झाली. पण एक मोठी खोट राहिली. घरांतला पहारेकरी काढून टाकल्याशिवाय चोराला आंत घेतां येत नाहीं. आणि आपल्याला तर चोर व पहारेकरी यांची झुंजच पाहावयाची आहे! गेल्या तीस वर्षांत कर्करोगाच्या उपचारांत जी क्रांति झाली ती याच झुंजीच्या अभ्यासांतून झाली. शरीराचे शिपाई कर्करोगाला पाहूनहि गप्प बसतात, कारण त्यांच्या अंगावर जणूं लगाम असतात आणि रोग ते खेंचून धरतो. असा एक लगाम अमेरिकेंतील जेम्स ॲलिसन यांनीं ओळखला आणि तो सोडविल्यास उंदरांतील कर्करोगाच्या गांठी विरतात, हें १९९६ सालीं दाखविलें. दुसरा लगाम जपानांतील तासुकु होंजो यांनीं १९९२ सालींच शोधून काढला होता. दोघांना २०१८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पण माणसाच्या लगामाला बसणारें औषध उंदराच्या लगामाला बसेलच, असा नेम नाहीं. आमच्या घराची किल्ली शेजाऱ्याच्या कुलपाला लागत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

हा फरक किती महाग पडूं शकतो, याचें एक उदाहरण सांगतों. १३ मार्च २००६ रोजीं लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारांत सहा निरोगी तरुणांना टी-पेशींना चेतविणारें एक नवें औषध टोंचण्यांत आलें. तत्पूर्वीं तेंच औषध माकडांना त्याच्या पांचशेंपट मात्रेनें दिलें होतें आणि त्यांना कांहींहि झालें नव्हतें. येथें मात्र तासा-दोन तासांत सहाहि जण थरथरूं लागले, ताप चढला, रक्तदाब उतरला, एकामागून एक अवयव थकूं लागले. सहाहि जगले, पण एकाला बोटें गमवावीं लागलीं. माणसाच्या ज्या पेशींनीं हा अनर्थ केला त्यांच्या अंगावर माकडांत त्या औषधाला धरावयास खुंटीच नव्हती, हें पुढें कळलें. माकडासारखा जवळचा नातेवाईक जेथें चकवितो, तेथें उंदराची काय कथा?

मग शास्त्रज्ञांनीं उलट विचार केला. उंदीर माणसासारखा नसेल तर त्याला तेवढ्यापुरतें माणसासारखें करूं या. १९८८ सालीं अमेरिकेंत दोन निरनिराळ्या तुकड्यांनीं बोस्मांच्या दुबळ्या उंदराच्या अंगांत माणसाच्या प्रतिकारपेशी नांदविल्या. पुढें २००२ सालीं जपानांत आणि २००५ सालीं अमेरिकेंतील जॅक्सन प्रयोगशाळेंत इतके निःशस्त्र उंदीर तयार झाले कीं, माणसाच्या पेशींना तेथें जवळजवळ अडथळाच उरला नाहीं. या प्राण्याला मराठींत काय म्हणावें, यावर मीं बराच विचार केला. 'माणसाळलेला उंदीर' म्हटलें तर तो आपल्या हातांवर येऊन बसेल असें वाटतें. हा तर बिचारा कांचेसारखा जपावा लागतो, त्याची हवा गाळावी लागते, खाणें-पिणें निर्जंतुक करावें लागतें, कारण साध्या जंतूशीं लढण्याचीहि त्याला ताकद नाहीं. 'मानवीकृत' हाच शब्द, थोडा जड असला तरी, बरा.

हें मानवीकरण करण्याच्या मुख्यतः दोन रीति आहेत. सोपी रीत अशी कीं, प्रौढ माणसाच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी घेऊन सरळ उंदराच्या शिरेंत सोडावयाच्या. काम लवकर होतें, पण हे परके शिपाई कांहीं आठवड्यांतच यजमानाच्या घरावर उलटतात. उंदीर झिजूं लागतो. दुसरी रीत धीराची. बाळंतपणानंतर जी नाळ टाकून दिली जाते, तींतील रक्तांत सर्व रक्तपेशींच्या मूळ पेशी असतात. उंदराच्या मज्जेंत सौम्य किरणांनीं जागा करून या मूळ पेशी सोडल्या म्हणजे त्या तेथें बीजासारख्या रुजतात. रोपें वर येण्यास दोन-तीन महिने लागतात. मग त्या उंदराच्या रक्तांत माणसाच्या बी-पेशी, टी-पेशी फिरूं लागतात. त्यानंतर त्याच्या अंगांत माणसाचा कर्करोग बसवावयाचा आणि औषध द्यावयाचें. भाताची पेर, रोप, लावणी हीं कामें जन्मभर पाहिलेल्या आम्हां लोकांना ही दुसरी रीत पटकन् समजते. खाचर चिखलून तयार केल्याशिवाय रोप धरत नाहीं.

रोप धरलें तरी पीक चोख येतें असें मात्र नाहीं. या उंदरांतील मानवी टी-पेशी तालमींत शिकतात ती तालीम उंदराची. तेव्हां त्यांचें शिक्षण थोडें परक्या माध्यमांत झालेलें असतें, आणि तसल्या शिक्षणाचे दोष मास्तरास निराळे सांगावयास नकोत. शिवाय कांहीं जातीच्या पेशींना वाढण्यासाठीं माणसाचींच पोषकद्रव्यें लागतात. उंदराचीं चालत नाहींत. त्यासाठीं माणसाचीं तीं जनुकें उंदरांतच बसवून २०१४ सालीं आणखी एक वंश तयार करण्यांत आला. कर्करोग एका माणसाचा आणि मूळ पेशी दुसऱ्याच्या असल्या, तर शिपाई गांठीवर धांवून जातात ते ती कर्करोगाची म्हणून कीं परक्याची म्हणून, हाहि घोळ होतो. हें सगळें करण्यास खर्च अफाट येतो, आणि एका वेळीं मोजकेच उंदीर तयार होतात.

हीं कामें दूर कोठें तरी चालतात अशी माझी समजूत होती. पुण्यास गणेशखिंडींत राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे; तेथें आणि टाटा रुग्णालयाच्या खारघर येथील संशोधन केंद्रांत प्रतिकारशक्ति नसलेले उंदीर पाळले जातात. आमच्याच तालुक्यांत नांदे येथें ल्युपिन कंपनीची संशोधनशाळा आहे, आणि उरवड्यास औषधांची विषाक्तता प्राण्यांवर तपासणारी प्रयोगशाळा आहे. त्या रस्त्यानें मी कित्येक वेळां एस.टी.नें गेलों, पाटी वाचली आणि झोंप काढली.

आतां माझ्या विद्यार्थ्याच्या भावाच्या उपचाराकडे येतों. त्यांत रोग्याच्या स्वतःच्या टी-पेशी बाहेर काढतात, कर्करोगाची पेशी ओळखणारा एक पंजा त्यांच्यावर जनुकाच्या द्वारें बसवितात आणि त्या पुन्हां अंगांत सोडतात. आपल्याकडे पवईच्या आय.आय.टी.मध्यें डॉ. राहुल पुरवार व त्यांचे सहकारी यांनीं टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांबरोबर हा उपचार देशांत तयार केला. यांत एक गंमत आहे. परदेशांत वापरला जाणारा तो पंजा मूळ उंदराच्या प्रतिद्रव्यापासून घेतलेला. माणसाचें शरीर त्याला परका समजण्याचा संभव असतो. पवईकरांनीं त्याची घडण माणसाच्या प्रतिद्रव्यासारखी केली. म्हणजे एकीकडे उंदराचें मानवीकरण चाललें आहे, आणि दुसरीकडे उंदराकडून उसन्या घेतलेल्या वस्तूचें! माणसाचा रक्ताचा कर्करोग बसविलेल्या उंदरांत या पेशी कर्करोग मारतात, हें त्यांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलें; त्याच वर्षाच्या ४ जून रोजीं खारघर येथें देशांतील पहिल्या रोग्यास त्या दिल्या गेल्या; २०२३ च्या ऑक्टोबरांत सरकारची अनुमति मिळाली. मेहरबाईंना ज्या जातीच्या रोगानें नेलें त्या जातीवरचा हा उपचार, आणि तो त्यांच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या संस्थेच्या आवारांत प्रथम दिला गेला. बाहेर देशीं याचा खर्च कोटींच्या घरांत आहे. येथें तो लाखांवर आला. पण चाळीसेक लाख ही रक्कम आमच्या तालुक्यांत जमीन विकल्यावांचून उभी राहत नाहीं, हेंहि बोलून टाकलेलें बरें. म्हणूनच चाचणींत नांव घालण्याचा प्रश्न आला.

या उपचाराची मोठी भीति म्हणजे लंडनच्या तरुणांवर आलें तसलेंच वादळ. नव्या पेशी कर्करोगावर तुटून पडल्या म्हणजे शरीरांत क्षोभक द्रव्यांचा लोंढा सुटतो. साध्या दुबळ्या उंदरांत हें वादळ नीट दिसेना, कारण तें उठविण्यांत दुसऱ्याच मानवी पेशींचा हात असावा आणि त्या तर तेथें नव्हत्याच. २०१८ सालीं मिलान येथील संशोधकांनीं मूळ पेशी रुजविलेले मानवीकृत उंदीर घेतले, त्यांत रक्ताचा कर्करोग बसविला, त्यावर हा उपचार केला, आणि काय आश्चर्य, वादळ उठलें! ताप आला, वजन घटलें, कांहींच्या मेंदूवरहि परिणाम झाला. मग एकेका जातीची पेशी काढून पाहिली, तेव्हां मोनोसाइट नांवाच्या पेशी हें द्रव्य ओततात असें आढळलें. आणि कोणतें औषध तापाला आवरतें व कोणतें मेंदूलाहि वांचवितें, हेंहि तेथेंच दिसलें.

आठव्या दिवशीं मी त्यांच्या घरीं गेलों. मीं त्याला म्हणालों, "उंदराला गुण आला म्हणून तुझ्या भावाला येईलच, असें कोणीहि म्हणूं शकत नाहीं, आणि म्हणेल त्याचें ऐकूं नकोस. पण उंदरांत जेथें घात झाला, तेथें डॉक्टर आधींपासून टपून बसलेले असतात, एवढें तूं धरून चाल. डॉक्टरांना हें विचार, कीं ताप चढला तर तुमच्याजवळ काय तयारी आहे? त्याचें उत्तर सरळ आलें तर पुढचें तुम्ही घरांत ठरवा." सही करावी कीं नाहीं, हें मीं सांगितलें नाहीं. तो थोडा रागावला असावा. मास्तरानें उत्तर द्यावें अशी त्याची अपेक्षा होती.

त्यांनीं डॉक्टरांना विचारलें आणि सही केली. पेशी दिल्यावर चौथ्या दिवशीं ताप चढला, रक्तदाब उतरला, माणूस बरळूं लागला. औषध कपाटांत तयार होतें. तें दिलें, दोन दिवस अतिदक्षता विभागांत काढले आणि वादळ शमलें. आज तो घरीं आहे. अजून तपासणीस जावें लागतें, आणि निकाल हातीं येईपर्यंत घरांत कोणी नीट जेवत नाहीं. शेजारच्या खाटेवर साताऱ्याकडचे एक गृहस्थ होते, त्यांना हाच उपचार झाला. त्यांचा रोग सहा महिन्यांनीं परत आला आणि ते गेले. दोघांच्या पेशींत काय फरक होता, हें त्या वेळीं कोणालाहि सांगतां आलें नाहीं.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्या आठव्या दिवशीं मी बोलत असतां त्यांची आई आंतल्या दारांत बसून भात पाखडीत होती. माझें बोलणें संपल्यावर तिनें विचारलें, "गुरुजी, त्या उंदरांचं पुढं काय करतात?" मला उत्तर ठाऊक होतें. आपल्याकडे १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा आहे, प्रत्येक संस्थेंत प्राण्यांसाठीं समिति असते, किती उंदीर घेणार व कां घेणार हें तिला आधीं पटवून द्यावें लागतें. २०२३ सालीं नियम बदलून प्राण्यांऐवजीं मानवी पेशींच्या गोळ्यांवर चाचणी करण्याची मुभाहि देण्यांत आली. हें सगळें मीं सांगितलें. पण तिनें विचारलें होतें तें निराळें. मग मीं सांगितलें कीं, प्रयोग संपला म्हणजे त्यांना बहुधा वायु देऊन मारतात. त्यांतला एकहि परत जात नाहीं.

ती कांहीं बोलली नाहीं. सूप थोडा वेळ थांबलें आणि पुन्हां चालूं झालें. मी निघालों तेव्हां ओटीवर कणगीशेजारीं उंदराचा पिंजरा नेहमीसारखा लावून ठेवलेला होता. नवें भात घरांत आलें होतें.